नवसाच्या पायावरची दोन अक्षरं

मी 'एक्स' बोलतोय. गणितातला तो अनोळखी एक्स मी नव्हे, आणि मिरजेच्या दवाखान्यात हाडांचे फोटो काढतात त्या यंत्राच्या नावातलाही नव्हे. ते घराणं वेगळं. मी एक उपसर्ग. पुरता शब्दसुद्धा नाही. दुसऱ्या शब्दाच्या डोक्याशी जाऊन चिकटायचं आणि त्याचा अर्थ ओढून बाहेर काढायचा, एवढंच माझं आयुष्य. तुमच्याकडे 'उपसर्ग पोचला' म्हणजे त्रास झाला असं म्हणतात. ज्यानं कुणी माझ्या जातीला हे नाव दिलं, त्यानं आम्हाला नीट ओळखलं होतं.

माझा जन्म इटलीतल्या लॅटिन बोलणाऱ्या मेंढपाळांच्या तोंडात झाला. कधी झाला, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या लोकांना लिहिण्याशी काही देणंघेणं नव्हतं. मेंढरू वाड्यातून बाहेर आलं, पाणी झऱ्यातून बाहेर आलं, की ते माझं नाव घेत. 'आतून बाहेर' हा माझा मूळ अर्थ. ग्रीकांकडे माझा एक चुलतभाऊ होता, तोही हेच काम करायचा. तेव्हा दिवस बरे होते. बाहेर आलेलं मेंढरू संध्याकाळी परत आत जायचं.

पुढं रोम मोठं झालं आणि मेंढरांच्या जागी माणसं आली. गावातून बाहेर, घरातून बाहेर, देशातून बाहेर. कॉन्सल नावाचे मोठे अधिकारी तिथं वर्षापुरते असत. वर्ष सरलं की 'कॉन्सलपदातून आलेला' असं म्हणताना मला त्या पदाच्या पुढं उभं करत. इथून लोकांना माझी चटक लागली. पद गेलं, माणूस उरला, की लावा एक्स. फ्रान्सात राजाराण्यांची उचलबांगडी झाली तेव्हा माजी लोकांचा असा सुकाळ आला की मला दम खायला फुरसत नव्हती. त्यांचं बघून इंग्रजांनीही मला तसंच राबवायला घेतलं.

इंग्रजीत मी आधीच शिरलो होतो, पाद्री आणि वकील यांच्या पाठीवर बसून. एक्स्पोर्ट म्हणजे माल बाहेर नेणं. एक्स्पेल म्हणजे पोराला शाळेतून हाकलणं. एक्स्प्रेस म्हणजे पोटातलं दाबून बाहेर काढणं. आगगाडीला ते नाव का दिलं, ते इंग्रजांना विचारा. एक्स्पायर म्हणजे नुसता श्वास बाहेर सोडणं. तो पुन्हा आत घेतला नाही, हे लोकांनी आपल्या मनानं धरून घेतलं.

या सगळ्या नोकरीत मला एकाच ठिकाणी सुख लागलं. इटलीतल्या एका टेकडीवरच्या गावात एक गाडीवान होता. त्याचा पाय चाकाखाली सापडला. त्यानं गावच्या देवीला, मेरीमातेला, नवस केला आणि पाय बरा झाला. मग त्यानं चांदीच्या पत्र्याचा वीतभर पाय करून देवळात टांगला आणि पोटरीवर सोनाराकडून अक्षरं कोरून घेतली: 'एक्स व्होतो'. व्होतो म्हणजे नवस. मी त्याच्या आधी उभा. दोघांचा मिळून अर्थ, 'नवसापोटी'. तुमचं हे 'पोटी' मला फार आवडतं. मायेपोटी, लाजेपोटी, नवसापोटी. माझंच काम, पण किती मऊ हातानं केलेलं.

त्या पायावर मी पुष्कळ वर्षं निवांत होतो. आजूबाजूला चांदीचे हात, डोळे, तान्ही बाळं. मग दुसरं महायुद्ध टेकडीवर चढून आलं. तोफेनं देवळाचं एक अंग पाडलं आणि मी दगडमातीत गाडला गेलो.

मला तिथून बाहेर काढलं अर्जुनानं. हा आटपाडीच्या पूर्वेला असलेल्या एका धनगरवाडीचा गडी. मराठा पलटणीतला शिपाई. त्याची तुकडी त्या गावात मुक्कामाला होती. काळे कपडे घातलेली एक म्हातारी ढिगाऱ्यात बसून नवसाचे तुकडे वेचत होती आणि ओच्यात टाकत होती. अर्जुना तिच्यापाशी गेला. तिनं धसका घेतला. पण त्याची नजर ओच्यातल्या चांदीच्या डोळ्यांवर गेली आणि तो जागच्या जागी बसला.

"आवं आज्जी, ह्ये तर आमच्यातबी वाहत्यात," तो मराठीत म्हणाला.

म्हातारीला शब्द कळला नाही, पण त्यानं रायफल भिंतीला लावून ठेवली ते कळलं. दोघांनी मिळून सगळी दुपार तुकडे वेचले. मी त्याच्याच हाताला लागलो. पाय बघून त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं हातवारे करून तिला आपली गोष्ट सांगितली, आणि ती मी ऐकली.

अर्जुनाचा थोरला भाऊ धुळा. दोघं एकाच दिवशी साताऱ्याला भरती झाले. भरतीला निघाले तेव्हा आई हरणाबाई त्यांच्याबरोबर औंधापर्यंत चालत आली. वाडीचा देव बिरोबा. पण हरणाबाईचं म्हणणं असं, की घरच्या देवाचा हुकूम घरापुरता. पोरं जाणार त्या वाटेवर यमाईची हद्द आहे, तर तिच्याशीच बोललं पाहिजे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, म्हणजे यमाई एका परीनं सरकारचीही देवी. डोंगर चढून जाऊन ती यमाईला म्हणाली होती, "दोघं आपल्या पायानं घरी येऊ देत. चांदीची दोन पावलं वाहीन."

आणि दोन महिन्यांमागं, ज्या नदीचं नाव अर्जुनाला कधी नीट घेता आलं नाही त्या नदीत, पहाटेच्या धुक्यात, पुलासाठी दोर घेऊन धुळा उतरला होता. दोराचं टोक पलीकडे पोचलं नाही. धुळाही पोचला नाही. अंग सापडलं नाही. पलटणीनं त्याला बेपत्ता म्हटलं.

म्हातारीनं 'मा' एवढा शब्द आणि दोन बोटांतलं एक मिटलेलं बोट, यावरून सगळं ओळखलं. तिनं मला पदरानं पुसलं आणि अर्जुनाच्या हातात दाबलं. त्यानं तिला आपल्या वाटणीचा दुधाचा डबा दिला. दुसरा पाय मागायला त्याची जीभ रेटली नाही.

अशा तऱ्हेनं मी मेंढपाळांच्या तोंडातून निघून, दोन हजार वर्षं हिंडून, पुन्हा मेंढपाळांच्याच घरी आलो. सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात अर्जुना सुटून वाडीला परतला. मी त्याच्या ट्रंकेत, लोकरी मोज्यात गुंडाळलेला होतो.

हरणाबाई दारात उभी होती. लेकाला बघून ती रडली नाही. त्याच्या खांद्यावरून ती मागची वाट बघत राहिली. वाट रिकामी होती. उन्हात धूळ तेवढी खाली बसत होती.

"धुळा मागनं येतुया व्हय?" तिनं विचारलं.

"आये, पलटनीनं कळवलं हुतं न्हवं."

"कळवलं हुतं. तू सांग."

"नदीला पानी लय हुतं."

"पवायला येतंय की त्याला. म्हसवडच्या मानगंगंत पवला हुता." एवढं बोलून ती आत गेली आणि चूल पेटवायला बसली. चूल पेटलेलीच होती.

सुलाबाई ही धुळाची बायको. ती मेंढरं घेऊन माळावर गेली होती. संध्याकाळी आली, तिनं मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, घातली आणि दिराच्या पाया पडली. तिनं काहीच विचारलं नाही. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. ते तसंच राहणार होतं, हे तिनं न बोलताच सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनानं मला मोज्यातून काढून आईच्या पुढं ठेवलं. बिराप्पा म्हणून वाडीतला जाणता माणूस, नात्यानं हरणाबाईचा दीर, तोही आला होता. चांदीचा पाय हातात घेऊन त्यानं उलटासुलटा केला.

"नवस दोघांचा बोलली हुतीस. आला एक," तो म्हणाला. "म्हंजी नवस फळलाबी न्हाई आन बुडलाबी न्हाई. लय अवघड गाठ हाय ही."

"फेडून टाका म्हंजी सुटला," अर्जुना म्हणाला. "आनखी एक पाय करून घिऊ. देवीचं ठिवू नये."

तेव्हा पहिल्यांदा सुलाबाई बोलली. "दोन्ही पावलं वाहिली की देवी मोकळी झाली. मग ती कशापायी हुडकंल त्यांस्नी?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. नवस म्हणजे देवाला दिलेली लाच, असं शिकलेले लोक हसून म्हणतात. या बाईला तो देवाच्या गळ्यात बांधलेला दोर वाटत होता. फेडला की दोर सुटणार आणि नदीतला माणूस कायमचा बेवारस होणार. न फेडावा तर परत आलेला अर्जुना देवीच्या कोपात. एका लेकाला जपायचं तर दुसऱ्याला सोडायचं, अशी हरणाबाईची कोंडी झाली.

ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिला वाट दिसली. सुनेला म्हणाली, "हा एक पाय हाय न्हवं. एक आला, एक वाहायचा. दुसरा तू म्हनशील तवा. तुझ्या तोंडातनं आल्याबिगर मी आनायची न्हाई."

सुलाबाईनं मान डोलावली.

तिघं औंधला चालत गेली. डोंगरावरच्या देवळात गुरव होता. त्यानं मला निरखून बघितलं.

"हे आपल्याकडचं काम दिसत नाही. कुणाचा पाय हा?"

"असंल कुनाच्या तरी आईचा," हरणाबाई म्हणाली. "धुऊन घ्या."

"आणि जोडीचा कुठंय? बाई, अर्धा नवस फेडल्याचं मी कधी ऐकलं नाही."

"तिनं अर्धंच दिलंया, मी अर्धंच देनार. उरल्यालं तिच्याकडं हाय, उरल्यालं माझ्याकडं."

गुरवाला हसू आलं होतं, पण सुलाबाईकडे बघून त्यानं ते गिळलं. त्यानं मला पाण्यानं धुतलं, हळद लावली आणि चौकटीवर टांगलं. पुन्हा नवसापोटी. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मेरीमातेच्या देवळात मेणबत्तीचा धूर खायचो, इथं तेलाचा खाऊ लागलो.

पण मी असा एका जागी राहणारा नव्हे. जिथं माझं नाव घेतील तिथं मला हजर व्हावं लागतं. वाडीत आता मला रोज बोलावणं येऊ लागलं, कारण अर्जुनाला सगळे 'एक्समिलिटरी' म्हणू लागले. आटपाडीच्या बाजारात, मेंढरांच्या सौद्यात, चावडीवर, "या एक्समिलिटरी, बसा." त्याला सुरुवातीला अभिमान वाटायचा. मग त्याच्या लक्षात आलं, की लोक मान देतात तो मिलिटरीला, आणि बसवतात ते एक्सला. काम विचारायला गेला की पाणी मिळायचं. तरी तो खाकी विजार घालून मेंढरांमागं जायचा. दुसरी विजार नव्हती हेही खरं.

एकदा कुणाच्या तरी बारशाला बिराप्पा चार माणसांत कौतुकानं बोलून गेला, "आमच्या हरणाबाईची दोन्ही पोरं एक्समिलिटरी."

सुलाबाई वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं.

"मामंजी, एक्स म्हंजी काय वो?"

"सुटून आलेला, पोरी. नोकरीतनं भायेर."

"मग भावजी एक्स. त्ये न्हाईत. त्ये अजून पलटनीतच हायती. त्यांस्नी सुट्टी झाल्याली न्हाई."

तिनं भांडं उचललं आणि पुढच्या पानावर गेली. राजांनी मला शिव्या दिल्यात, पदं गेलेल्या मंत्र्यांनी दिल्यात. पण इतक्या शांतपणे मला कुणी दारातून परत पाठवलं नव्हतं. त्या दिवसापासून वाडीत धुळाच्या बाबतीत मला कुणी बोलावलं नाही. मीही गेलो नाही.

घर मात्र अडून बसलं. अर्जुनाला पोरी सांगून येत. हरणाबाई एकच सांगायची, देवीचं अर्धं देणं अंगावर असताना दारात मांडव घालायचा नाही. अर्जुना आईवर रागवायचा नाही आणि वहिनीवर तर नाहीच. राग यायचा तो मेंढरांवर निघायचा. एकदा त्यानं उगीच एका कोकराला काठी मारली आणि मग ते कोकरू घोंगड्यात घेऊन सांजपर्यंत बसला.

दर पौषात औंधची जत्रा आली की हरणाबाई डोंगर चढून यायची. माझ्यापुढं उभी राहायची, पण बोलायची देवीशी. "तुझ्याकडलं कवा देतीस?" एवढंच. भांडायची नाही, रडायची नाही. शेजारणीकडे उसना दिलेला तवा मागावा, तसा तिचा आवाज असे. सुलाबाई दोन पायऱ्या खाली उभी असायची. ती काही मागायची नाही. मागितलं आणि मिळालं नाही, असं व्हायला नको म्हणून असेल.

अठ्ठेचाळीस सालात औंधचं संस्थान मोडलं आणि मुलूख मुंबई इलाख्यात गेला. शिकलेल्या लोकांच्या तोंडी पुन्हा मीच. एक्स-संस्थान, एक्स-दिवाण, एक्स-फौजदार. एवढी माजी माणसं एका गावात मी फ्रान्सनंतर पहिल्यांदा बघितली. पुढच्या जत्रेला हरणाबाईनं काळजीनं गुरवाला विचारलं, "राज्य गेलं म्हनं. मग देवीचं काय?"

"देवीचं काय होतंय? ती आहे तिथंच आहे."

"न्हाई, तिनं बोलल्यालं कोन पाळंल आता? म्हनून इचारलं."

गुरव म्हणाला, देवीचं राज्य वेगळं. तिचं समाधान झालं नाही. उतरताना ती दर पायरीवर थांबत होती. ती तिची शेवटची जत्रा.

एकोणपन्नासच्या चैत्रात हरणाबाईनं अंथरूण धरलं. आधी ताप, मग अन्न सुटलं, मग पाणी चमच्यानं. आटपाडीचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता फार वेळ नाही. पण वेळ संपेना. आज जाते, उद्या जाते, असं म्हणत पंधरवडा गेला. पोट पाठीला लागलं. डोळे उघडे, श्वास घशात अडकल्यासारखा, आणि जीव काही सुटेना. बघणाऱ्याचा जीव जायची वेळ आली. अर्जुना आईचं डोकं मांडीवर घेऊन बसे आणि तिच्या ओठांवरच्या माशा वारी.

मी तिथं कसा, म्हणाल. येणारा जाणारा दारातून हाक मारायचा, "एक्समिलिटरी, कसं हाय म्हातारीचं?" मला यावंच लागायचं. मी आलो, की मलाच वाटायचं आपण अपशकुनी. बाहेर काढणं हा माझा पिढीजात धंदा, आणि इथं एक म्हातारी बाहेर पडायला तडफडत होती. तरी माझ्या हातात काही नव्हतं.

बायका कुजबुजू लागल्या, जीव कशात तरी अडकलाय. कशात, ते सगळ्यांना माहीत होतं. नवस डोक्यावर असताना माणूस सुखानं मरत नाही, अशी त्या मुलखाची समजूत. बिराप्पा अर्जुनाला बाजूला घेऊन म्हणाला, "दुसरा पाय करून आन की. आईचे हाल बघवत न्हाईत."

अर्जुनानं आईच्या कानाशी तोंड नेलं. "आये, दुसरा पाय वाहू का देवीला?"

हरणाबाईचे डोळे फिरले. बोलायला तिला किती कष्ट पडत होते ते सगळ्यांनी बघितलं. "सुला म्हनंल तवा," ती म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं. त्यानंतर तिनं पाणीही घेतलं नाही.

सुलाबाई उंबऱ्यात बसली होती. तिच्याकडे कुणीही बघितलं नाही. त्या न बघण्याचं ओझं मात्र तिच्या डोक्यावर येऊन पडलं. ती उठली आणि मेंढरांकडे गेली. दुपार होती, मेंढरं लिंबाच्या सावलीत माना खाली घालून उभी होती. ती त्यांच्यात बराच वेळ उभी राहिली. अर्जुना तिच्या मागं गेला.

"वैनी, तुमच्यावर जुलूम न्हाई. आई तुमास्नी सबुद देऊन बसलीया, पर त्यो मी मोडतो. माझ्या डोस्क्यावर पाप."

"तुमी मोडला तर तिला कळंल की," सुलाबाई म्हणाली. "तिला समदं कळतंय."

"मग काय करायचं?"

"तुमी बघितलं हुतं न्हवं पानी? खरं सांगा भावजी. निगता आलं आसतं?"

तो परतल्यापासून तीन वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं. "न्हाई वैनी," तो म्हणाला.

ती घरात आली. सासूच्या पायाशी बसली आणि आपल्या पायांतली जोडवी काढू लागली. लग्नापासून घातलेली, बोटं फुगलेली, निघेनात. तिनं तेल लावलं, पिळून पिळून काढली. बोटांवर पांढरे वळ उमटले होते. कुणीतरी बाई हुंदका देऊन पुढं आली, तिला तिनं हातानंच मागं सारलं. जोडवी अर्जुनाच्या हातात दिली.

"आटपाडीला सोनाराकडं जावा. आटवून पाय करून घ्या. बारीक झाला तरी चालंल."

मग ती सासूच्या उशाशी सरकली. त्या मुलखात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. सुलाबाईनं तर उखाण्यातसुद्धा कधी घेतलं नव्हतं. लग्नात हटून बसली होती, म्हणून बायका अजून तिची चेष्टा करत. तिनं सासूच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, धुळा आता यायचा न्हाई."

हरणाबाईनं सुनेकडे बघितलं. उजवा हात उचलायला गेली, तो थोडा उचलला, सुलाबाईनं तो धरून आपल्या गालाला लावला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुळासाठी ती पहिल्यांदाच रडत होती. दिवस मावळायच्या आत तिचा जीव गेला. अर्जुना तेव्हा सोनाराच्या दुकानात बसला होता.

मी बाहेर काढण्याच्या धंद्यात दोन हजार वर्षं आहे. कॉन्सल काढले, राजे काढले, अख्खी राज्यं काढली. पण त्या बाईच्या वाक्यात मी कुठंच नव्हतो. तिला माझी गरज पडली नाही. एक नाव तोंडातून बाहेर आलं, आणि त्याबरोबर तिचा सगळा संसार बाहेर आला. ते काम मला कधी जमलं नसतं, आणि जमू नये असंच मला वाटतं.

सुतक फिटल्यावर अर्जुना आणि सुलाबाई औंधला आली. तिच्या कपाळावर काही नव्हतं. नवा पाय माझ्यापेक्षा लहान, जाडाभरडा, टाच एका बाजूला चेपलेली. सोनारानं विचारलं होतं म्हणे, वर काही कोरायचं का. सुलाबाई नको म्हणाली. गुरवानं तो माझ्या शेजारी टांगला. दोघं देवीच्या पाया पडली आणि डोंगर उतरून गेली. पुढच्या मोसमात अर्जुनाचं लग्न झालं, असं जत्रेत आलेल्या कुणाच्या तरी बोलण्यातून मला कळलं. हळदीला सुलाबाई मेंढरं घेऊन माळावरच राहिली, हेही त्यांच्याच तोंडून ऐकलं.

आता माझी अक्षरं बुजत चालली आहेत. तेल, हळद, काजळी, भाविकांची बोटं. ई अजून थोडा दिसतो, माझं उरलेलं अंग पुसट झालंय. येणारे लोक दोन पाय बघून म्हणतात, कुणीतरी लंगडा बरा झाला असेल. म्हणू देत. त्यांना सांगायला मला कुठं तोंड आहे. बाहेरच्या जगात माझी चलती आहे ती आहेच. रोज कुणी ना कुणी माजी होतोच, आणि मला निघावं लागतं.

वाचकहो, जाता जाता एक मागणं. कुणाच्या नावाआधी मला लावायची घाई करू नका. कागदावर दोन अक्षरं ओढायला वेळ लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आधी एकदा त्याच्या घरी जाऊन या. तिथं कपाळावर कुंकू लावून अजून कुणीतरी त्याचं नाव घेत नसेल.